मोती, खडे आणि अहेराचे दागिने

लग्नसराई जवळ आली म्हणजे डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील घराघरांतून एकच प्रश्न निघूं लागतो. मुलीला काय घालावें? सुनेला काय द्यावें? भाचीच्या अहेरांत नथ शोभेल कीं कुड्या पुरेशा होतील? किनाऱ्यावरच्या मांगेला, माच्छी व वाडवळ कुटुंबांत काय, बागाइतदारांच्या वाड्यांत काय, किंवा डोंगराकडच्या वारली पाड्यांत काय, दागिना ही केवळ शोभेची वस्तु कधींच नसते. तो मायेचा पुरावा असतो, अडीअडचणीचा आधार असतो आणि पुष्कळ वेळां वर्षभराच्या कष्टाचा सगळा शिल्लक पैसा त्यांत गुंतलेला असतो. एवढें असूनहि दागिना घेतांना जितकी चौकशी करावयास हवी तितकी क्वचितच होते. बैल घेतांना माणूस दांत पाहतो, होडी घेतांना लांकूड ठोकून पाहतो. पण मोत्याची सर घेतांना मात्र दुकानांतील दिव्यांच्या झगमगाटावरच विश्वास टाकतो.

या भागांत लग्नाच्या खर्चाचा इतिहास मोठा करुण आहे. लग्नासाठीं सावकाराकडून थोडीशी रक्कम घ्यावी आणि ती फेडण्याकरितां नवराबायकोनें वर्षानुवर्षें त्याच्या घरीं व शेतावर राबावें, अशी रीत डहाणू व उंबरगांव भागांतील वारली लोकांत एकेकाळीं होती. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. 1945 सालीं किसान सभेच्या नेतृत्वाखालीं जो लढा झाला, त्यानें या वेठीचा कणा मोडला. गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथांत ती हकीकत सविस्तर लिहिली आहे. लग्नगडी इतिहासजमा झाला, तरी ऋण काढून सण करण्याचा मोह मात्र इतिहासजमा झालेला नाहीं. म्हणून मोत्यांची आणि खड्यांची पारख हा श्रीमंतांच्या चैनीचा विषय आहे असें समजण्याचें कारण नाहीं. ज्याच्याजवळ पैसा थोडा, त्यालाच ही पारख अधिक हवी. कारण त्याची फसगत झाली तर ती भरून काढावयास दुसरें वर्ष हातीं असेलच असें नसतें.

दागिन्यांच्या बाबतींत डहाणू तालुका कांहीं अगदींच परका नाहीं. चिंचणी आणि तिच्या आसपासचीं किनाऱ्यावरचीं गांवें ज्या एका कारागिरीसाठीं सराफी व्यापारांत ओळखलीं जातात, ती म्हणजे दागिन्यांचे ठसे, तेथील बोलींत 'डाय', तयार करण्याची. पोलादाच्या ठोकळ्यावर कारागीर बारीक छिन्न्यांनीं पान, फूल, कोयरी किंवा मोर कोरतो. कोरीव काम पुरें झालें म्हणजे तो ठोकळा तापवून व विझवून कठीण करितात. मग सोन्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा त्यावर ठेवून दाब दिला कीं, ठशांतील नक्षी पत्र्यावर उमटते. कोरणाऱ्यानें एकदां केलेल्या श्रमांतून पुढें शेंकडों नग एकसारखे निघूं शकतात. अलीकडे संगणकावर चालणारीं कोरणींहि या धंद्यांत शिरलीं आहेत, आणि हातानें कोरणाऱ्यांपुढें त्यांमुळें पोटाचा प्रश्न उभा राहिला आहे. तरी सराफाच्या पेटींतील एकादें नाजूक कर्णफूल पाहून ज्याला कौतुक वाटतें, त्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, त्या फुलाची पहिली पाकळी कोणीतरी पोलादावर उलटी कोरलेली असते.

ही कृति समजली म्हणजे गिऱ्हाइकाला एक महत्त्वाची गोष्ट उमगते. ठशावर दाबलेला दागिना हलका असतो, आणि हलका असतो म्हणूनच तो परवडतो. ज्या आकाराचें ओतीव फूल करावयास पुष्कळ सोनें लागलें असतें, तेवढें मोठें फूल थोड्या पत्र्यांत होतें. हा दोष नव्हे. सोन्याचे भाव आकाशाला भिडले असतां सामान्य माणसाच्या घरीं दागिना पोंचतो तो याच युक्तीनें. पण पातळ पत्र्याला मर्यादा आहेत. तो चटकन् दबतो. आणि त्यांत खडा बसविला असेल, तर खड्याला धरून ठेवणारी कड किंवा नख्या तितक्याच पातळ असतात. कित्येक पोकळ मण्यांत व फुलांत आकार टिकावा म्हणून आंत लाख भरलेली असते. म्हणून रोज वापरावयाची अंगठी ठशाची घेऊं नये. सणासमारंभाला घालावयाचें कर्णफूल, बाजूबंद किंवा हाराचें पदक ठशाचें घेण्यास हरकत नाहीं. घेतांना खडा नखानें हलकेच हलवून पाहावा. दुकानांत जो खडा किंचित् डुलतो, तो लग्नाच्या मांडवांत खालीं पडतो.

खड्यांच्या दागिन्यांत फसगतीची सर्वांत मोठी जागा जर कोणती असेल, तर ती तराजूंत आहे. एकादा हार तराजूंत घातला आणि वजन 10 ग्राम भरलें, म्हणजे त्यांत 10 ग्राम सोनें आहे असें नव्हे. त्यांत खडे आहेत, मोती आहेत, कदाचित् लाख आहे आणि दोरा आहे. समजा, त्यांत 12 कॅरट वजनाचे खडे आहेत. एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्राम. तेव्हां 12 कॅरट म्हणजे 2.4 ग्राम. सोनें उरलें 7.6 ग्राम. आतां सोनाराने जर पुऱ्या 10 ग्रामांचा भाव सोन्याच्या दरानें लावला, तर गिऱ्हाइकानें 2.4 ग्राम कांच सोन्याच्या मोलानें विकत घेतली असें होईल. तोच हार पुढें मोडीला नेला म्हणजे मात्र खडे काढून वजन केलें जातें, आणि तेव्हां डोळे उघडतात. म्हणून पावतीवर चार रकमा निरनिराळ्या लिहून घ्याव्या : सोन्याचें निव्वळ वजन, खड्यामोत्यांचें वजन, खड्यामोत्यांची किंमत आणि घडणावळ. जो व्यापारी या चार रकमा एकांत मिसळतो, त्याच्याशीं गोड बोलावें आणि पुढच्या दुकानांत जावें.

वजनाच्या बाबतींत आणखी एक खबरदारी अवश्य आहे. जुन्या लोकांच्या तोंडीं गुंज आणि रत्ती हीं मापें अजून आहेत. डोंगराकडच्या कुंपणांवर जी लाल अंगाची, काळ्या डोळ्याची गुंज लोंबते, तिच्याच बीवरून हें माप निघालें. परंतु बी ती बी. एक लहान, एक मोठी. बाजाराबाजारांत रत्तीचें वजन वेगवेगळें धरण्याची वहिवाट पडली ती यामुळेंच. तेव्हां खडा रत्तीवर सांगितला तरी त्याचें कॅरटांत किंवा मिलिग्रामांत वजन किती, तें विचारून पावतीवर लिहून घ्यावें. तेथें वाद उरत नाहीं.

सोन्याच्या शुद्धतेची हमी आतां कायद्यानेंहि मिळूं लागली आहे. 16 जून 2021 पासून भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क खूण सोन्याच्या दागिन्यांवर टप्प्याटप्प्यानें सक्तीची करण्यांत आली, आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असल्याशिवाय असा दागिना विकतां येत नाहीं. 22 कॅरटच्या सोन्यावर 916 आणि 18 कॅरटच्या सोन्यावर 750 हे आंकडे असतात. म्हणजे हजार भागांत तितके भाग शुद्ध सोनें. येथें 'कॅरट' हा शब्द शुद्धतेचा आहे, वर सांगितलेला खड्याच्या वजनाचा कॅरट निराळा. या दोहोंची गल्लत होऊं देऊं नये. मात्र दोन गोष्टी विसरूं नयेत. पहिली ही कीं, ही खूण धातूबद्दल बोलते, खड्याबद्दल एक अक्षरहि बोलत नाहीं. हॉलमार्क असलेल्या अंगठींत निखालस कांचेचा खडा असूं शकतो. दुसरी अशी कीं, 2021 च्या आदेशांत दोन ग्रामांहून कमी वजनाच्या वस्तु आणि कुंदन, पोल्की व जडाव कामाचे दागिने यांना सक्तींतून सूट ठेवली गेली. लहानशी नथ, चमकी, बाळाचे डूल या वस्तु नेमक्या या सुटींत सांपडतात. तेथें खूण नसली म्हणजे सोनें खोटें असें नव्हे. पण तेथें व्यापाऱ्याची पत आणि त्याची लेखी पावती हाच आधार उरतो.

आतां मोत्याकडे वळूं. मराठी स्त्रीच्या अंगावर मोत्याला जें स्थान आहे, तें दुसऱ्या कोणत्याहि रत्नाला नाहीं. नथ, कुड्या, बुगडी, चिंचपेटी, तन्मणी, हीं नांवें उच्चारतांच डोळ्यांपुढें शुभ्र मोती उभे राहतात. हे मोती पूर्वी मुख्यतः इराणच्या आखातांतून येत आणि मुंबई ही त्यांची जगांतील एक मोठी पेठ होती. बसरा हें बंदर मोती काढण्याचें नसून व्यापाराचें. तरी त्याच्याच नांवानें हे मोती 'बसऱ्याचे' म्हणून प्रसिद्ध झाले. पुढें जपानांत कोकिची मिकिमोतो यानें 1893 सालीं शिंपल्यांत अर्धगोल मोती मुद्दाम वाढविण्यांत यश मिळविलें, आणि तेथें पूर्ण गोल मोतीहि होऊं लागल्यावर जगाचा बाजार पालटला. 1930 च्या सुमाराच्या जागतिक मंदीची त्यांत भर पडली आणि आखातांतील पाणबुड्यांचा धंदा बसला. हिंदुस्थानांत 1973 सालीं तुतिकोरिन येथें केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं समुद्री शिंपल्यांत संवर्धित मोती तयार केला. गोड्या पाण्यांतील शिंपल्यांवरचें काम पुढें भुवनेश्वरच्या संस्थेनें हातीं घेतलें.

म्हणून मोत्यांचे तीन वर्ग मनांत पक्के असावे. पहिला नैसर्गिक मोती. शिंपल्याच्या अंगांत कांहीं खुपलें आणि त्यानें आपल्या स्रावाचे थरावर थर चढवून जें वेष्टन केलें, तोच हा मोती. दुसरा संवर्धित मोती. येथें तें खुपणारें बीज माणूस घालतो, पण थर शिंपलाच चढवितो. तेव्हां हाहि खराच मोती आहे, खोटा नव्हे. तिसरा नकली मोती. कांचेच्या किंवा प्लास्टिकच्या मण्यावर चकचकीत लेप दिलेला. माशांच्या खवल्यांचें चंदेरी सत्त्व घेऊन असा लेप करण्याची युक्ति फ्रान्समध्यें सतराव्या शतकांतच निघाली होती. हल्लीं सामान्य दुकानांत 'खरा मोती' म्हणून जो मिळतो, तो बहुधा गोड्या पाण्यांतील संवर्धित मोती असतो, आणि त्याची किंमत साधारण माणसाच्या आवांक्यांत असते. 'बसऱ्याचा नैसर्गिक मोती' असें सांगून कोणी मोठी रक्कम मागूं लागला, तर नुसत्या डोळ्यांवर विसंबून ती देऊं नये. नैसर्गिक व संवर्धित यांतला भेद आंतल्या रचनेचा असल्यामुळें तो क्ष-किरणांनींच खात्रीनें ठरतो; त्यासाठीं रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेचें प्रमाणपत्र मागावें.

नकली मोती मात्र घरच्या घरीं ओळखतां येतो. मोती दांताच्या कडेवर अगदीं हलके घासून पाहिला असतां खरा मोती वाळूसारखा किंचित् खरखरीत लागतो, नकली गुळगुळीत सरकतो. दोन खरे मोती एकमेकांवर हळूच घासले तरी हाच खरखरीतपणा जाणवतो. भोंकाच्या तोंडाशीं भिंगानें पाहावें. नकली मोत्याचा लेप तेथें सोललेला, सुरकुतलेला दिसतो आणि आंतली कांच डोकावते. संबंध सर जर साच्यांतून काढल्यासारखी एकाच मापाची, एकाच छटेची आणि निर्दोष गोल असून किंमत अल्प असेल, तर ती निसर्गाची नव्हे असें खुशाल समजावें. चांगल्या मोत्याचा गुण त्याच्या आकारापेक्षां त्याच्या पाण्यांत असतो. दिवसाच्या उजेडांत, पांढऱ्या कापडावर मोती ठेवून पाहावा. पृष्ठभागावर खिडकीचें प्रतिबिंब स्पष्ट उमटावें आणि त्या चकाकीच्या खालीं एक मंद, खोल उजेड दिसावा. खडूसारखा निस्तेज मोती कितीहि मोठा असला तरी त्याचें मोल थोडें.

खड्यांच्या बाबतींत पहिला प्रश्न रंगाचा नव्हे, कठीणपणाचा आहे. रत्नशास्त्रांत कठीणपणाचीं दहा परिमाणें मानितात. हिरा 10, माणिक व नीलम 9, पुष्कराज म्हणून विकला जाणारा टोपाझ 8, पाचू साडेसात ते 8, स्फटिक व जांभळा कटेला 7, पिरोजा 5 ते 6, पोवळें 3 ते 4, आणि मोती सुमारें अडीच ते साडेचार. या आंकड्यांचा व्यवहारांत उपयोग असा : आपल्या अंगणांत जी धूळ उडते, तिच्यांत वाळूचे, म्हणजे स्फटिकाचेच बारीक कण असतात, आणि त्यांचा कठीणपणा 7 असतो. जो खडा 7 पेक्षां मऊ, त्याच्यावर ही धूळ दिवसानुदिवस घासली कीं त्याची झिलई जाते. यावरून एक साधा नियम निघतो. कठीण खडा हातासाठीं, मऊ रत्न कानागळ्यासाठीं. हात दिवसभर कामांत असतो. भांडीं घांसतो, पीठ मळतो, चिकूच्या पाट्या उचलतो, मासळी साफ करतो. कान आणि गळा त्या मानानें निवांत असतात.

या नियमाला धरूनच कोणाला काय द्यावें हें ठरवावें. बंदरावर मासळीचा व्यापार करणाऱ्या स्त्रीला मोत्याची अंगठी देणें म्हणजे त्या मोत्याचा नाश करणें होय. मीठ, बर्फाचें पाणी आणि साबण यांत तो महिन्या-दोन महिन्यांत विटेल. तिला माणकाची किंवा नीलमाची लहान, खोल कोंदणांत बसविलेली अंगठी द्यावी, आणि मोती द्यावयाचाच असेल तर नथींत किंवा कुड्यांत द्यावा. आश्रमशाळेंतील शिक्षिका किंवा रुग्णालयांतील परिचारिका यांना उंच नख्यांत बसविलेला खडा सोयीचा नाहीं. तो कापडांत अडकतो व हातमोजा फाडतो. त्यांना कानाला घट्ट बसणारे मोत्याचे टॉप्स उत्तम. नव्या नवरीला भारी हार देण्याचा सोस सगळीकडे असतो. पण तो वर्षांतून दोनदां कपाटांतून निघतो. त्याच पैशांत एक चांगली नथ आणि रोज घालावयाच्या कुड्या होत असतील, तर ती भेट अधिक दिवस तिच्या अंगावर राहील. हिरा सर्वांत कठीण खरा. परंतु कठीण म्हणजे न फुटणारा असें नव्हे. विशिष्ट दिशेनें फटका बसल्यास हिराहि चिरतो, आणि टोपाझ तर त्याहून लवकर.

खड्यांच्या खरेपणाविषयीं तीन शब्द ओळखीचे असावे : नैसर्गिक, संस्कारित आणि कृत्रिम. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्युई यानें 1902 सालीं प्रयोगशाळेंत माणिक तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. त्या रीतीचें माणिक द्रव्यानें अगदीं खाणींतल्या माणकासारखेंच असतें, पण तें विपुल व स्वस्त असतें. तें कृत्रिम म्हणून कमी दरानें घेण्यांत कांहींच वाईट नाहीं. नैसर्गिक म्हणून घेतलें तर मात्र फसगत झाली. माणिक व नीलम यांचा रंग खुलविण्यासाठीं ते तापविण्याची चाल फार जुनी आहे. पाचूच्या चिरा झांकण्यासाठीं त्यांत तेल मुरवितात. हे संस्कार व्यापारांत मान्य आहेत, परंतु ते गिऱ्हाइकाला सांगितले पाहिजेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हलक्या माणकाच्या भेगांत शिशाची कांच भरून तीं चमकदार करण्याची रीत पसरली आहे. असें माणिक लिंबाच्या रसानेंहि बिघडूं शकतें. फार लाल, फार मोठें आणि फार स्वस्त माणिक दिसलें कीं सावध व्हावें. भिंगांतून गोल बुडबुडे दिसले तर त्यांत कांच आहे असा संशय घ्यावा. किंमत मोठी असेल तेथें मात्र भिंगावर थांबूं नये; मुंबईस रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळा आहेत, आणि 2013 पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येत असल्यानें तेथें जाऊन येणें एका दिवसाचें काम आहे.

ऋतूंचा विचार या किनाऱ्यावर अधिकच करावा लागतो. चैत्र-वैशाखांत लग्नें असतात आणि त्याच वेळीं हवा दमट व घामट असते. घामांतील आम्लामुळें मोत्याचा वरचा थर झिजतो. म्हणून या दिवसांत गळ्याला चिकटून बसणाऱ्या चिंचपेटीपेक्षां कानांतले मोती बरे, आणि चिंचपेटी घालावयाचीच तर समारंभापुरती घालून लगेच काढून पुसावी. पावसाळ्यांत खाऱ्या, ओल्या हवेनें चांदी काळवंडते आणि लाखेवर बसविलेले खडे सुटूं लागतात; तेव्हां या चार महिन्यांत साधे सोन्याचे, कमी खड्यांचे दागिने वापरावे. श्रावणांत मंगळागौरीला नथ हवीच. पण फुगडी-झिम्म्यांत लांब सर टाळावी. नवरात्र-दिवाळींत हवा कोरडी होऊं लागते, दिव्यांचा उजेड असतो. माणिक, पाचू व कुंदनाचे दागिने खुलावे ते या दिवसांत. आणि मोत्याचा खरा ऋतु म्हणजे मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा. थंडींत घाम नाहीं, अंगावर गडद रंगाचीं वस्त्रें असतात. संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेवर पांढऱ्या मोत्याची एकच सर जितकी शोभते, तितकें भरजरी शालूवर सोन्याचें ओझेंहि शोभत नाहीं.

फॅशनीचा आणखी एक प्रकार अलीकडे फार ऐकूं येतो, तो म्हणजे जन्ममासाचें रत्न. जूनला मोती, जुलैला माणिक, सप्टेंबरला नीलम, अशी जी यादी दुकानांत टांगलेली असते, ती 1912 सालीं अमेरिकेंतील जवाहिऱ्यांच्या संघटनेनें ठरविली. वाढदिवसाची भेट निवडण्यास ती सोईची आहे, एवढेंच तिचें प्रयोजन. आपल्याकडील नवरत्नांची व नवग्रहांची परंपरा याहून पुष्कळ जुनी आणि श्रद्धेची आहे. ज्याची जशी श्रद्धा तशी त्यानें ठेवावी. पण श्रद्धेच्या माणसानेंहि व्यवहार सोडूं नये. ग्रहाचें भय घालून ज्या खड्याची किंमत दुप्पट सांगितली जाते, त्याचें पाणी, वजन आणि खरेपणा हीं इतर कोणत्याहि खड्याप्रमाणेंच तपासून घ्यावीं.

दागिना दिला म्हणजे देणाऱ्याचें काम संपलें असें होत नाहीं. तो कसा राखावा हेंहि त्याच्याबरोबर सांगावें. अत्तर, तेल, पावडर आधीं, आणि मोती सर्वांत शेवटीं घालावे. काढतांना ते सर्वांत आधीं काढावे. काढल्यावर मऊ, किंचित् ओलसर कापडानें पुसून सावलींत वाळवावे. चांदीपितळेला लावतात म्हणून चिंच किंवा लिंबू मोत्याला कधींहि लावूं नये. मोती म्हणजे चुन्याचाच एक प्रकार; आंबट पदार्थानें तो विरघळतो. रिठ्याच्या सौम्य पाण्यांत सोनें धुण्याची जुनी रीत चांगली आहे, पण ओंवलेली सर त्यांत भिजत ठेवूं नये, दोरा कुजतो. चांदी उजळविण्याचीं तयार औषधें मोती, पोवळें आणि पिरोजा यांना घातक आहेत. पाचूला उकळतें पाणी दाखवूं नये; त्यांतलें तेल निघून जातें आणि चिरा उघड्या पडतात. मोती प्लास्टिकच्या हवाबंद पिशवींत न ठेवतां मऊ सुती कापडांत, इतर दागिन्यांपासून वेगळे ठेवावे. नाहींतर शेजारच्या हिऱ्यानें त्यांवर ओरखडे पडतील. सर रेशमी दोऱ्यांत, मोत्यामोत्यांमध्यें गांठ देऊन ओंवून घ्यावी. नित्य वापरांतली सर वर्षा-दोन वर्षांनीं नव्यानें ओंवावी. गांठ असली म्हणजे दोरा तुटला तरी एखादाच मोती निसटतो, सगळे नव्हे.

मोडीचा हिशेबहि देण्याआधींच मनांत असावा. अडचणीच्या वेळीं सोन्याला त्या दिवसाचा भाव मिळतो. लहान खड्यांना व संवर्धित मोत्यांना मात्र विकत घेतांना दिलेल्या पैशाच्या मानानें फारच थोडें मिळतें, पुष्कळदां कांहींच मिळत नाहीं. यास्तव ज्या घराला दागिना हा पुढच्या दुष्काळाचा आधार म्हणून हवा आहे, त्यानें सोनें जास्त व खडे कमी असा दागिना निवडावा. ज्याला तो केवळ हौसेसाठीं हवा आहे, त्यानें मोती खुशाल घ्यावे. पण त्या हौसेसाठीं कर्ज काढूं नये. हौसेची वस्तु हौसेच्या पैशांतच घ्यावी.

आणि हौस भागविण्यास मोतीच हवे असें तरी कोठें आहे? चैत्रांत विवळवेढे येथें महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हां डोंगरपाड्यांवरून आलेल्या बायका तेथें कांचमण्यांच्या माळा आणि बांगड्या हौसेनें निवडतात. रंगारंगांचे ते बारीक मणी, त्यांची सर ओंवण्याची पद्धत, गळ्याला लगटून बसणारी त्यांची ठेवण, यांत जी दृष्टि आहे, ती कोणत्याहि जवाहिऱ्याला हेवा वाटावा अशी आहे. ती माळ आपण कांचेची आहे हें लपवीत नाहीं, आणि म्हणूनच ती कोणाला फसवीत नाहीं. खरी वस्तु आणि खोटी वस्तु यांतला भेद कांच आणि हिरा यांतला नसून, जें आहे तें सांगणें आणि जें नाहीं तें सांगणें यांतला आहे. दहा रुपयांची कांच दहा रुपयांस दिली तर ती खरी. दहा हजारांस दिली तर ती खोटी.

तेव्हां अहेराचा दागिना निवडतांना क्रम असा ठेवावा. प्रथम घेणारीचा हात काय काम करतो, तें पाहावें. मग तिच्या गांवची हवा आणि देण्याचा ऋतु पाहावा. मग आपल्या गांठीला असलेला पैसा मोजावा. आणि सर्वांत शेवटीं दुकानांतला खडा पाहावा. बहुतेक लोक हा क्रम नेमका उलटा धरितात. आधीं खडा पाहतात आणि गांठ शेवटीं सोडतात. सूर्यप्रकाशांत पाहिलेला मोती, भिंगाखालीं पाहिलेला खडा, चार रकमा वेगळ्या लिहिलेली पावती आणि कर्जाशिवाय दिलेली किंमत, एवढें साधलें तर तो दागिना लहान असला तरी घेणारीच्या अंगावर वर्षानुवर्षें राहतो, आणि देणाऱ्याच्या मनावर त्याचें ओझें राहत नाहीं.